सात वळणे आणि एक पूल

सावकाश उघडा, मित्रांनो. आधी डावीकडची घडी, मग उजवीकडची, मग वरची. हं, आता बसा. मी आहे एक जुना नकाशा. डोंगरातली तीन राष्ट्रीय उद्याने, त्यांना जोडणारा गाडीरस्ता आणि आतल्या साऱ्या पायवाटा माझ्या अंगावर आहेत. साऱ्या म्हणजे, एक लहानसा तुकडा सोडून. तो तुकडा कसा गेला आणि त्याच्यापायी एका घराचा तेरा वर्षांचा बेत कसा पणाला लागला, ते सांगायला मी तुमच्यापुढे पसरलो आहे.

माझा जन्म छापखान्यात झाला, पण एका दमात नाही. पहिल्यांदा तपकिरी रंगात उंचीच्या रेषा उमटल्या. या रेषा जिथे एकमेकींना चिकटून असतात तिथे चढ अंगावर येणारा, आणि जिथे ऐसपैस असतात तिथे चाल सोपी. एवढे कळले की नकाशा वाचता आलाच म्हणून समजा. मग निळे पाणी आले, हिरवे जंगल आले, लाल गाडीरस्ते आले आणि शेवटी काळी नावे आणि तुटक तुटक पायवाटा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले गेले, एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. ते माझे वचन होते आणि त्याचा मला फार अभिमान होता. घडी घालणाऱ्या बायांनी हाडाच्या पट्टीने मला दाबून दाबून चपटे केले, तेव्हा खूप दुखले. पण तेव्हापासून माझी घडी मोडता कोणालाही येते, पुन्हा घालणे मात्र येरागबाळ्याचे काम नाही.

मी ज्या घरात आलो तिथे तीन माणसे होती. बाबा पुस्तकांचे बाईंडर. आई कपडे शिवायची. आणि त्यांची पाच वर्षांची लेक, जिला घरात सगळे मुंगी म्हणत. ज्या पुस्तकाच्या दुकानातून बाबांना काम मिळायचे त्या दुकानदाराने एकदा मला त्यांच्या पिशवीत सरकवले आणि म्हणाला, "सतत दुसऱ्यांची पुस्तकं बांधता. एकदा सामान बांधा आणि जा."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावरची भांडी बाजूला झाली आणि मी पसरलो. बाबांनी गाडीरस्त्यावर पेन्सिल टेकवली. पहिले उद्यान, दुसरे उद्यान, मध्ये पेट्रोल कुठे, मुक्काम कुठे. मग आईने तिसऱ्या उद्यानात, अगदी वरच्या कोपऱ्यात, एका निळ्या ठिपक्यावर बोट ठेवले.

"हे काय आहे? बटणाएवढं?"

"तळं आहे. काठाला वनखात्याची एक खोली दाखवलीय. पण तिथवर गाडी जात नाही. चालत जावं लागतं."

"मग चालू," आई म्हणाली. "समोर भिंत नाही अशा ठिकाणी मला एकदा बसायचंय."

मित्रांनो, आईचे शिलाईचे मशीन भिंतीला तोंड करून होते. विजेचा प्लग तिथेच होता, त्याला काय करणार? सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्यासमोर कापड आणि त्याच्यामागे भिंत. त्या भिंतीवरचा पोपडा केवढा होता आणि केवढा झाला, हे ती डोळे मिटूनही सांगू शकली असती.

बेत ठरला. आणि त्या वर्षी मुंगीला कांजिण्या आल्या. पुढच्या वर्षी शाळेच्या पुस्तकांचे घाईचे काम आले. त्याच्या पुढच्या वर्षी घाटात दरड कोसळली. मग गाडीचा गिअरबॉक्स गेला, मग मामाचे लग्न निघाले, मग बाबांची पाठ धरली. एका वर्षी तर सगळी तयारी झाली होती, आणि वाटेतल्या एका पेट्रोलपंपाची दुरुस्ती चालू आहे असे कळल्यावर बाबांनी बेत मोडला. बाबा ताकसुद्धा फुंकून पिणारे. कागद एक सूत वाकडा कापला गेला तरी त्यांना रात्री झोप लागत नसे. असा माणूस डोंगरात जायचा म्हणजे आधी डोंगराने लेखी हमी द्यायला हवी. "पुढच्या वर्षी नक्की," ते म्हणायचे, पेन्सिलीच्या रेघा खोडरबराने हळुवार पुसायचे आणि माझी घडी घालायचे. शेजारच्या काकू विचारायच्या, "काय, यंदा तरी डोंगर? की आपले दुरूनच साजरे?" आई हसायची. मला मात्र ते हसू बघवत नसे.

पण मी दुःखी होतो असे समजू नका. दरवर्षी काही संध्याकाळी मी टेबलावर असायचो. बाबा रस्त्यांत बुडाले की आई मुंगीला मांडीवर घेऊन तळ्याच्या वाटेवर तिचे बोट चालवायची. वाट झाडीतून निघे, एका ओढ्यावरच्या लहान पुलावरून जाई आणि मग डोंगराला सात वळणे घालत वर चढे. मुंगीचे बोट प्रत्येक वळणावर थांबायचे. एक, दोन, तीन, चार. मुंगी आकडे माझ्या अंगावर शिकली. सातवर पोचली की आई तिच्या तोंडात बिस्किट द्यायची. "पुलावर बसून आपण उकडलेली अंडी खायची," आई सांगायची, "आणि मग चढायचं."

इतकी बोटे फिरल्यावर कागद किती दिवस टिकणार? नेमक्या त्याच जागी माझ्या दोन घड्या एकमेकींना छेदत होत्या. आधी तिथे पांढरी रेघ आली, मग लव सुटली, मग भोक पडले. मला त्याचे वाईट वाटत नाही. प्रेमाने झिजायचे भाग्य सगळ्याच कागदांना मिळत नाही.

मुंगी मोठी झाली. तिच्या हातात फोन आला आणि मी कपाटावर गेलो. "बाबा, फोनवर सगळं दिसतं," ती म्हणायची. गाडीरस्ते दिसायचे, हे खरे. पण जंगल म्हणजे तिथे नुसता हिरवा डाग होता, एकही पायवाट नव्हती. हे सांगायला मला तोंड नव्हते. तीन वर्षे मी कपाटावर धूळ खाल्ली.

मग आईचा गुडघा बिघडला. शस्त्रक्रिया झाली. गुडघ्याच्या डॉक्टरांनी बाबांसमोर सांगितले, "डोंगरबिंगर चढायचा असेल तर यंदा चढून घ्या. पुढच्या वर्षाचं मी सांगत नाही. आणि चढ असला तर साडेतीन तासांच्या वर नको."

घरी येऊन बाबांनी खुर्चीवर चढून मला खाली काढले. त्यांनी मला उघडले आणि भोक बघून त्यांचा चेहरा पडला. "काय हाल केलेत आपण याचे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते मला आपल्या कामाच्या खोलीत घेऊन गेले.

मित्रांनो, त्या दिवसाइतके लाड माझे कधी झाले नाहीत. बाबांनी ताजी खळ शिजवली. आईच्या शिलाईतून उरलेली पांढरी मलमल इस्त्री करून पसरली. मग त्यांनी मला घड्यांवरून कापले, एकेक चौकोन सुटा केला आणि झिजलेल्या, लव सुटलेल्या कडा पट्टी धरून सुरीने साफ केल्या. जिथे भोक होते तिथे जरा जास्त आत जावे लागले. मग सगळे चौकोन मलमलीवर कडेला कड भिडवून चिकटवले आणि दाबाच्या यंत्रात ठेवले. बाहेर आलो तो मी नव्यासारखा. इकडची पायवाट तिकडच्या पायवाटेला अशी जुळली होती की जोड शोधून सापडू नये.

आणि तिथेच घात झाला. बाबा तीस वर्षे पुस्तके बांधत होते. पुस्तकाच्या पानाला समास असतो. कुरतडलेली कड नखाएवढी कापली तरी एकाही अक्षराला धक्का लागत नाही. डोंगराला समास नसतो. बाबांनी साफ केली ती कड नव्हती. तो ओढा होता, तो पूल होता आणि ती सात वळणे होती. बघायला नखाएवढी पट्टी, पण वळणावळणाने त्या पट्टीत तीन किलोमीटरांची वाट मावलेली होती, आणि तीही सगळ्यात उभ्या चढाची. कचऱ्याच्या डब्यात ती कात्रणांबरोबर गेली.

त्या संध्याकाळी टेबलावर आईने रिळाचा दोरा तळ्याच्या वाटेवर वळणे घेत घेत अंथरला. बाबांनी तो पट्टीवर ताणला.

"सहा. बरोबर सहा," बाबा म्हणाले. "सहा किलोमीटर. चढ धरून सव्वातीन तास. डॉक्टरांच्या हिशेबात बसतं. जाऊ आपण. यंदा जाऊच."

तेरा वर्षांत ते पहिल्यांदा असे म्हणाले होते. आणि मी खोटे बोललो होतो. एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर हे वचन कोपऱ्यात तसेच छापलेले होते आणि मी त्याच वचनाने या बाईला अर्ध्या डोंगरात नेऊन सोडणार होतो. तिचा गुडघा तिथे बसला तर? मला ओरडता येत नव्हते. नुसते पडून राहण्यावाचून माझ्या हातात काही नव्हते.

आईचे बोट मात्र जोडावर जाऊन थांबले. जोडाच्या अलीकडे गेले, पलीकडे गेले, पुन्हा अलीकडे आले. तिला कळले, असे मला वाटले. तिने मान वर करून बाबांकडे बघितले. बाबा नव्या वहीत पहिल्या दिवसाची गाडीची वेळ लिहीत होते आणि शीळ घालत होते. आईने दोरा बोटाला गुंडाळला.

"छान जुळवलंत," ती म्हणाली. माझी आशा संपली.

पुढचे चार महिने घरात दुसरा विषय नव्हता. बाबांच्या वहीत पाने भरत गेली. गाडी कधी निघणार, कुठल्या उद्यानाचे फाटक किती वाजता बंद होते, कुठल्या वळणावर गाडी थांबवून इंजिन गार करायचे. तळ्याकाठची खोली दोन रात्रींसाठी राखून झाली. मुंगी आता गाडी चालवायला शिकली होती आणि तिचे म्हणणे होते की घाट तीच चालवणार. आई या चर्चेत फारशी नसायची. तिला सकाळी फिरायला जायचे खूळ लागले होते. आधी अर्धा तास, मग तास, मग दोन तास. चहाला उशीर होतो म्हणून बाबा कुरकुरायचे. परत आली की जिन्यावर तिची पावले वर जाताना ऐकू यायची, खाली येताना ऐकू यायची, पुन्हा वर जाताना ऐकू यायची. काहीतरी वाळत घालायचे विसरत असेल, असे मी समजायचो. कागदाची अक्कल ती किती असणार!

आम्ही निघालो. बाबा मुंगीच्या शेजारी बसले आणि घाटभर नसलेला ब्रेक पायाने दाबत राहिले. मी त्यांच्या मांडीवर होतो. फोनमधली बाई डावीकडे वळा म्हणाली की बाबा माझ्यावर बोट ठेवून म्हणायचे, "बरोबर सांगतेय." पहिल्या उद्यानात धुके होते, काही दिसले नाही. दुसऱ्यात एक हरीण दिसले आणि मुंगीने फोन काढेपर्यंत गेले. आई प्रत्येक वळणावर काच खाली करून थंड हवा घेत होती. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या उद्यानात गाडी उभी राहिली. पुढे पायवाट सुरू होत होती आणि तिच्या तोंडाशी लाकडी पाटी होती. बाबा त्या पाटीकडे निघालेच होते.

"अहो, थर्मास गाडीत राहिला," आई म्हणाली.

बाबा पिशवी दगडावर ठेवून मागे गेले. पिशवीच्या कप्प्यातून मला पाटी स्वच्छ दिसली. तळे, नऊ किलोमीटर. मुंगीनेही वाचली आणि तिचे तोंड उघडले.

"आई, हे नऊ..."

"तू काही वाचलं नाहीस," आई म्हणाली. बाबा येईपर्यंत ती पाटीला पाठ लावून बुटाची नाडी बांधत उभी होती. थर्मास तिच्याच पिशवीत होता हे नंतर निघाले, आणि बाबांनी गाडीच्या डिकीला दोष दिला.

मित्रांनो, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईला माहीत होते.

वाट झाडीतून हळूहळू वर जात होती. आई काठी टेकत एका चालीने चालत होती. बाबा घड्याळ बघत होते. दोन तास झाले, सव्वादोन झाले. "आता झाडी संपेल आणि छप्पर दिसेल," ते म्हणाले. झाडी संपली आणि समोर ओढा आला. ओढ्यावर लाकडी पूल होता. पलीकडे डोंगराचा उभा उतार होता आणि त्यावर वाट नागमोडी वर गेलेली दिसत होती.

"हा पूल नकाशात नाही," बाबा म्हणाले. त्यांनी मला पुलाच्या फळ्यांवर पसरले. त्यांचे बोट जोडावर आले आणि तिथेच राहिले. मग ते मटकन खाली बसले.

"मी कापला," ते म्हणाले. "कड समजून कापला. अगं, अजून निम्मा डोंगर आहे. परत फिरू. तुझा गुडघा..."

आईने पिशवीतून उकडलेली अंडी काढली. एक मुंगीला दिले, एक बाबांच्या हातात ठेवले.

"मी कपडे शिवते," ती म्हणाली. "दोन तुकडे जोडले की मधलं कापड जातं, हे मला कोणी सांगायला हवं का? दोरा धरला तेव्हाच कळलं. पूल कुठे गेला म्हणून बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आपण आत्ता स्वयंपाकघरात बसून पुढच्या वर्षीचं ठरवत असतो."

बाबा अंड्याकडे बघत राहिले. "माझ्यावर विश्वास नव्हता तुझा," ते म्हणाले.

"होता ना. तुम्ही बेत मोडाल यावर पुरा विश्वास होता." मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "आणि मी सहाची तयारी केलीच नाही. वनखात्याला फोन करून खरं अंतर विचारलं आणि चार महिने नऊची केली. मैदानाला बावीस फेऱ्या, वर गच्चीचे जिने. डॉक्टरांनाही जाऊन सांगून आले. रागावले, पण म्हणाले, थांबत थांबत जा आणि दुसऱ्या दिवशी पाय हलवू नका. म्हणून तर खोली दोन रात्री घ्यायला लावली तुम्हाला."

मुंगी उठली, पुलापलीकडे गेली, पहिल्या वळणावर उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "एक." लहानपणचे बोट तिला आठवले होते.

बाबांनी माझी घडी घातली. पहिल्यांदाच ती चुकली, आणि त्यांनी ती तशीच राहू दिली.

दोन, तीन, चार. प्रत्येक वळणावर आई बसायची, पाणी प्यायची, उठायची. पाचव्या वळणावर ती बसली आणि उठली नाही. तिने ओठ दाबून धरले होते. मी बाबांकडे बघत होतो. आता ते म्हणणार, परत फिरू. ते म्हणाले नाहीत. त्यांनी गळ्यातला मफलर काढला, त्याची पट्टीसारखी लांब घडी घातली आणि गुडघे टेकून तिचा गुडघा बांधायला घेतला. एकेक फेरा सारखा, ना सैल ना घट्ट, कडेला कड. तीस वर्षांत त्यांनी इतके नीट पुस्तक बांधले नसेल.

"जास्त घट्ट झालं का?" त्यांनी विचारले.

"नाही. यात काही कापलं नाहीत ना?" आई म्हणाली, आणि दोघेही हसले.

सहा. सात. साडेपाच तासांनी आम्ही तळ्यावर पोचलो. मुंगीने आईच्या तोंडात बिस्किट दिले. मग आई काठावरच्या दगडावर बसली. समोर पाणी होते, पाण्यापलीकडे डोंगर, त्याच्यामागे आणखी डोंगर, आणि भिंत कुठेच नव्हती. ती खूप वेळ बसली. बाबा तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी एकदाही घड्याळ बघितले नाही. मी खोटा ठरलो होतो, तरी त्या संध्याकाळी माझ्याइतका सुखी कागद दुसरा नसेल.

गुडघा सुजलाच. दुसरा दिवस तिने खोलीच्या दारात पाय लांब करून काढला, उतरताना बाबा आणि मुंगी दोन्ही बाजूंनी होते. घरी आल्यावर डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला आणि म्हणाले, "यापुढे सपाटीवर चाला." म्हणजे ती चढाई पहिली आणि शेवटची. आई म्हणाली, "असू दे. एक झाली ना." ते ऐकून बाबा उठून कामाच्या खोलीत गेले. तेरा वर्षे त्यांना आठवत होती, हे मला कळत होते.

त्या आठवड्यात त्यांनी बोटाएवढा कागद कापला. त्यावर आठवून आठवून ओढा काढला, पूल काढला, सात वळणे काढली. पाचव्या वळणावर एक लहान ठिपका दिला. तो कागद त्यांनी माझ्या जोडावर एका कडेने चिकटवला, उघडमिट करता येईल असा. मग म्हणाले, "आता याला काचेत घालून भिंतीवर लावू. मशीनच्या समोर."

"नको," आई म्हणाली. "काचेत घातलात तर बोट कुठून फिरवू?"

मित्रांनो, एवढेच माझे मागणे आहे. जुन्या वस्तू जपा, पण न वापरून जपू नका. तेरा वर्षे मला कोणी फाडले नाही, भिजवले नाही, हरवले नाही. तरी माझे खरे जपणे झाले ते त्या पुलाच्या ओल्या फळ्यांवर. तुमच्याही घरात एखादा नकाशा कपाटावर पडून असेल आणि त्यावर कोणीतरी कधीतरी एका ठिपक्यावर बोट ठेवले असेल. कोणी ठेवले होते ते जरा आठवा. त्यांचे गुडघे अजून चालत असतील तर पुढच्या वर्षी नको, यंदाच निघा.

मी आता मशीनशेजारच्या खणात असतो. दुपारी दोरा संपला, रीळ बदलायचे झाले, की आई मला अर्धाच उघडते आणि तो लहान कागद उलटते. तिचे बोट पुलावरून जाते. एक, दोन, तीन, चार. पाचव्यावर ती जरा थांबते. मग सातव्यापर्यंत जाते आणि मान वर करून समोरच्या भिंतीकडे बघत बसते, बराच वेळ, तळ्याकाठी बसली होती तशी.